तारमास्तरांचे शेरे

तारमास्तर बोलायला लागले की वाटायचं, हा माणूस मुंगीलाही आधी वाट देत असेल. तेच कागदावर लिहायला लागले की वाटायचं, आपली नोकरी आता जाते. एकाच माणसाच्या जिभेत आणि पेन्सिलीत इतकं अंतर मी पुढे कधी पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकला शरणपूर रोडवर आमचं सॉफ्टवेअरचं एक छोटं ऑफिस होतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी आम्ही कामगारांच्या हजेरीचे प्रोग्राम लिहायचो. लिहिलेला प्रोग्राम छापायचा, तो लांबलचक कागद मास्तरांच्या टेबलावर ठेवायचा आणि त्यांनी समासात लिहिलेल्या शेऱ्यांप्रमाणे दुरुस्त करायचा, असा शिरस्ता होता. मास्तरांची निम्मी हयात इगतपुरीच्या तार ऑफिसात गेली होती. तिथे असतानाच कॉम्प्युटरचे वर्ग करून ते या धंद्यात आले, पण हात तारेचाच राहिला. ‘चूक. काढा.’ ‘गरज नाही.’ ‘नाव बदला.’ शेरा संपला. पूर्वी घरी तार आली की बायका ती फोडायच्या आधीच रडायला लागत, तशी आमची गत व्हायची. मास्तर नेमके चिडलेत, की सहज सुचवतायत, की हे केलं नाही तर कारखाना बंद पडणार आहे, काही म्हणता काही कळायचं नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं, मास्तर, जिथे चांगलं जमलंय तिथेही एखादा शब्द लिहा की. त्यांना खरोखरच नवल वाटलं. “अरे, जे बरोबर आहे त्याला काय लिहायचं? ते बरोबर आहेच ना!” यावर मी काय बोलणार, कपाळ?

मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी बडोद्याला. इंदिरानगरच्या फ्लॅटवर मास्तर एकटेच असत आणि तिथे जायची त्यांना मुळीच घाई नसे. दुपारी आमचे डबे उघडले की प्रत्येकाला आज काय भाजी म्हणून विचारत. उत्तरात त्यांना रस होता असं नाही, पण उत्तर द्यायला कोणीतरी होतं. रविवारीही काही तरी निमित्त काढून ऑफिसला चक्कर मारायचे. पोरं मात्र त्यांना टाळायची. चहाच्या टपरीवर ते आले की गप्पा आपोआप कामाकडे वळायच्या आणि थोड्या वेळाने सगळ्यांनाच कामं आठवायची. मास्तर उरलेला चहा उभ्यानेच पीत राहायचे.

अशात सटाण्याची मनीषा आमच्याकडे लागली. अबोल, पण डोकं पाण्यासारखं वाहणारं. रात्रपाळीचा कामगार आज संध्याकाळी येतो आणि उद्या सकाळी जातो, त्यामुळे तारीख बदलून आमची हजेरी कायम घोटाळ्यात पडायची. भल्याभल्यांनी त्यापुढे हात टेकले होते. तिने तो गुंता इतका सोपा करून टाकला की आम्हाला आमचीच लाज वाटली. मास्तरांनी तो कागद तपासला. नावं, मांडणी असल्या बारीकसारीक गोष्टींवर पानभर शेरे मारले आणि जिथे गुंता सुटला होता तिथला समास कोरा ठेवला. मग मालकांच्या खोलीत जाऊन म्हणाले, या पोरीच्या हाती सगळं देऊन मी निवांत होणार. मालकांनी हे मला सांगितलं, तोवर मनीषा दिवाळीला घरी गेली होती. ती परत आलीच नाही. ‘हे काम मला झेपणार नाही’ असा तिचा निरोप आला.

मास्तर दिवसभर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. पुढच्या सुटीच्या दिवशी मला घेऊन सटाण्याच्या एसटीत चढले. तिला परत आणायचंच, एवढाच त्यांचा ध्यास होता. दारात तिची आई भेटली. “ती मळामा गयी शे. बठा, चहा ठेवस,” म्हणाली. थोड्या वेळाने मनीषा मळ्यातून आली. मास्तर तिच्यासमोर अक्षरशः अवघडून बसले आणि जे त्या कोऱ्या समासात लिहायचं राहिलं होतं ते सगळं बोलले. इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं डोकं मी पाहिलं नाही, म्हणाले.

मनीषा मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, “सर, मीच घरी सांगितलं, मला जमत नाही म्हणून. त्यावर बाबांनी लग्न ठरवलं. आता कोणत्या तोंडाने सांगू, की जमत होतं?”

परतीच्या एसटीत मास्तर खिडकीशी बसले होते. नाशिक जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, “तिला वाटलं, मी रागावलोय. मी तर रोज तिच्या कागदाची वाट बघायचो रे.” मला फार वाईट वाटलं. 

त्यानंतर मास्तरांची पेन्सिल मोकाट सुटली ती सुटलीच. ‘तुमचा विचार मला आवडला, केवळ एक शंका मनात आली, माझंही चुकत असेल, राग नसावा,’ असे अघळपघळ शेरे येऊ लागले. प्रोग्राम चार ओळींचा आणि शेरा पानभर. आता घाबरायला होत नसे, पण दुरुस्ती करायची की नाही हेच कळेना. आम्ही हसायचो, तेही हसायचे. हळूहळू त्यांनी त्यातून मार्ग काढला. प्रत्येक शेऱ्याच्या आधी लिहायचे: ‘हे करावंच लागेल’, ‘केलंत तर बरं’, ‘मला समजलं नाही, सांगाल का?’. आणि जिथे काम मनासारखं झालं असेल तिथे, का आवडलं ते एका वाक्यात. पोरं टपरीवर त्यांच्यासाठी थांबायला लागली. पण मनीषाच्या जागी आलेल्या मुलाचा कागद हातात घेताना ते क्षणभर थबकत, हे मी पाहिलंय.

दोन हजारनंतर ऑफिस पुण्याला हललं. मी गेलो, मास्तर नाशिकलाच राहिले. आता शेरे लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेही ईमेलवर. तिथे ना आवाज ऐकू येतो ना चेहरा दिसतो, म्हणून मी मास्तरांचीच पद्धत चालवतो.

मास्तर गेले त्याआधीचा आमचा शेवटचा फोन मला आठवतो. आवाज खोल गेला होता. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगत होतो, की आमच्याकडे एक नवी मुलगी आलीय, धुळ्याकडची, अबोल, पण फार हुशार. पहिल्याच कामात बऱ्याच चुका निघाल्या, त्या सगळ्या तिला लिहून दिल्या.

“आणि चांगलं?”

“तेही लिहिलं, मास्तर. सगळ्यात आधी तेच लिहिलं.”

 मग त्यांनी विचारलं, “ती आहे ना रे अजून कामावर?”

“आहे,” मी म्हटलं.

 बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही.