पडद्यावरच्या फांदीस माझी हरकत

पडद्यावर माझे नाव होते. निळ्या अक्षरांत, एका बारीक रेघेला टांगलेले. रेघ 'समाजकार्य' या शब्दातून निघाली होती आणि नावाखाली लिहिले होते, 'साक्षर केले.' मधल्या वर्तुळात आमच्या कापडे गावचे जमीनदार अण्णा.

महाडला प्रौढांचा संगणकवर्ग आहे. गावातल्या लोकांचे अर्ज मी लिहून देतो; कचेऱ्या आता ते ऑनलाइन मागतात, म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मी तेथे नाव घातले. काय जमले, कोठे अडले, हे प्रत्येकाने माईंड मॅपमध्ये मांडावे, अशी शिकवणाऱ्या बाईंची पद्धत. मध्ये आपण, भोवती फांद्या. महिन्याने उघडून पाहायचे, किती वाढलो. लॅपटॉप अण्णांनी दिलेले. म्हणून नमुना त्यांचा, आणि त्या दिवशी वर्गात पाहुणेही तेच.

शेजारी बसलेल्या उमरठच्या बाईने मला कोपराने ढोसले. "आजोबा, तुमचं नाव हाय बगा! माज्या मॅपला फांदीच फुटत नाय. नुसता मधला लाडू."

वर्ग हसला. अण्णा खुर्चीत रेलले. "बघ रे, तुलाही जागा दिली. ही छापलेली प्रत भिंतीवर लावायचीय. खाली सही कर."

आम्ही एकाच वयाचे. त्यांचे 'रे', माझे 'अहो'.

मी सही केली नाही; पडदा वाचत राहिलो. बंगला, मुले, परदेश. आणि एक हिरवी फांदी: 'एलएलबी'. तिच्यापुढे काही नाही. वकिली त्यांनी एक दिवसही केली नाही. तो काळा कोट कपाटात कुजला. मला हवा होता तो. आजही हवा आहे. इतरांचे अर्ज लिहिताना प्रत्येक वेळी मी तो मनातल्या मनात चढवला आहे. हा मत्सर आहे. मी तो नाकारीत नाही.

परंतु वस्तुस्थिती नोंदली जावी. आम्ही त्यांचे कूळ. त्यांच्या वडिलांनी आमच्यावर दावा लावला. माझे वडील तारखांना महाडला जात, गुरांमागे कोणी हवे, म्हणून माझी शाळा चौथीत सुटली. अण्णांची सुटली नाही. पुढे मी वडिलांबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात बसू लागलो आणि भिंतीवरच्या नोटिसा वाचत कायद्याची भाषा शिकलो. मला त्यांच्या घराने शिकवले नाही. त्यांच्या घराने लावलेल्या दाव्याने शिकवले.

मी उभा राहिलो. "सही म्हणजे संमती. माझी संमती नाही."

"अरे, कौतुक आहे ते!"

"कौतुकाला सही लागत नाही, अण्णा."

बाई हळूच म्हणाल्या, "राहू दे ना आजोबा, एक नावच तर आहे."

तेथेच बसून मी मोडक्या टंकलेखनाने हरकत लिहिली. एक तास लागला. बाईंकडून प्रतीवर पोच घेतली. मग स्वतःचा मॅप उघडला. त्यात एकच फांदी होती, 'टंकलेखन, अपूर्ण'. तिच्याशेजारी दुसरी काढली: 'दावा'. तिच्यातून फुटली 'नोटीस वाचता आली', तिच्यातून 'अर्ज', 'अपील', 'हरकत'. माऊसची सवय नव्हती. फांद्या वाकड्या आल्या. मी त्या सरळ केल्या नाहीत.

हरकतीवर अद्याप लेखी उत्तर नाही. तो कागद माझ्या नावासह भिंतीवर लागला, तर मी तो दोन साक्षीदारांसमक्ष उतरवीन आणि तसे लेखी कळवीन. अण्णांकडून तडजोडीचा तोंडी निरोप आला आहे: नाव ठेवू, 'साक्षर केले' एवढे काढू. मी नकार दिला आहे. त्यांच्या झाडावर मला कोठेही राहायचे नाही.