भीतीच्या घामाचा वास

मैत्रिणींनो, आज सकाळी नवऱ्याचा शर्ट हुंगला आणि मी भांडायलाच उठले.

ते जिवतीच्या घाटात प्रवासी जीप चालवतात, त्यामुळे घाम नवा नाही. पण आठवडाभर शर्टाला सडक्या कांद्यासारखा वास येत होता. त्यात घरी येताच आधी आंघोळ! मला वाटलं, चोरून पितात, नाहीतर बाहेर काहीतरी आहे.

"खरं सांगा, कुठी जाता तुम्ही?"

त्यांनी माझ्या हातातून शर्ट घेतला. "गेल्या सोमवारी घाटात ब्रेक लागला नाई. दहा जण होते गाडीत. हँडब्रेकवर कशीबशी थांबली. दुरुस्त केली, पण आताबी उतार दिसला का काखा भिजतेत. तुले कसं सांगू?"

दुपारी उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उन्हाचा घाम म्हणजे बहुतेक पाणीच. टेन्शननं काखेत वेगळा घाम येते, तो चामडीवरचे जंतू खातेत, मंग असा वास सुटते."

आज मी नवऱ्याला गाडी काढू दिली नाही.

आठवडाभर त्यांचे खिसे तपासले, पण "काय झालं?" असं एकदाही विचारलं नव्हतं. तुमच्या घरचं माणूस घाबरलंय, हे तुम्हाला कशावरून कळतं?