शैलाने मारलेला पहिला खिळा

शैला गेल्याचं मला तिच्या घरमालकाने कळवलं. एसी दुरुस्त करायला माणूस घेऊन तो सेरंगूनच्या तिच्या फ्लॅटवर गेला होता. बेल वाजवून दार उघडेना, म्हणून त्याने स्वतःच्या किल्लीने उघडलं. मला आलेल्या मेसेजमध्ये दोनच वाक्यं होती. पहिल्यात ती झोपेतच गेली असं होतं आणि दुसऱ्यात तिचं सामान कधी हलवाल, अशी चौकशी होती. मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी होते. मला रडू यायच्या आधी राग आला... आता दीड महिना झाला. रडून झालंय, राग अजून जात नाही.

शैला मूळची पुण्याची, इथे परदेशात एकटीच राहायची. सेम्बावांगला समुद्रातल्या तेलविहिरींचे फलाट बांधणाऱ्या एका कंपनीत वीस वर्षं ती पाइपांची ड्रॉइंग्ज काढत होती. तेलाशी तिचा संबंध तेवढाच, कागदावरचा. तिच्यासारख्या नोकरीच्या पासवर राहणाऱ्या परक्या माणसाला इथले सरकारी फ्लॅट विकत घेता येत नाहीत, आणि खासगी कॉन्डो-फ्लॅटच्या किमती ऐकूनच घाम फुटतो. त्यामुळे दर दोन वर्षांनी नवा करार, आणि प्रत्येक करारात एक अट ठरलेली : भिंतीला खिळा मारायचा नाही. तिच्या घरात कालनिर्णयाची जागा टेबलावर डब्याला टेकून, आणि आईवडलांचा फोटो फ्रिजवर. "अगं, वीस वर्षं माझे आईबाबा थंडगार उभे आहेत," ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. मी चोआ चू कांगला स्वतःच्या फ्लॅटमध्ये बसून त्या हसण्यात सामील व्हायचे. त्यातलं दुखणं मला कळायला फार उशीर झाला.

मग तिने जमीन घेतली. काही वर्षांपूर्वी, तेल महाग होतं तेव्हा, एका हॉटेलात रविवारी सकाळी चहा-सामोसे खिलवून परदेशातले प्लॉट विकत असत. कॅनडाच्या उत्तर भागात, तेलाच्या पट्ट्यात एक छोटं गाव. तेलाच्या कामासाठी माणसं येतील, गाव वाढेल आणि तुमच्या प्लॉटपर्यंत पोचेल, असं पडद्यावर दाखवलं होतं. शैलाने रस्ता बघितला, कागद बघितले, पूर्व कुठे येते ते बघितलं आणि सही केली. आमच्या गणपतीत कोणीतरी विचारलं, "शैलाताई, तिथे बर्फगोळ्याची गाडी लावणार का?" मी म्हटलं, "खालचं तेल दुसऱ्याचं, वरचा बर्फ तेवढा हिचा." सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे.

पुढे तेलाचे भाव कोसळले. गाव जिथल्या तिथे राहिलं आणि प्लॉट विकणाऱ्या एजंटाचाच फोन यायला लागला, मिळेल त्या भावाला देऊन टाका म्हणून. मीही तिच्या मागे लागले. "विकून टाक बाई, डोक्याचा ताप जाईल."

"न बघता घेतली हा माझा एक मूर्खपणा," शैला म्हणाली. "न बघता विकली तर दोन होतील."

आणि तिने पंचांग काढलं. भूमिपूजन करायचं म्हणे. मुहूर्त निघाला माघातला. तिथी पाहिली, नक्षत्र पाहिलं, राहुकाळ टाळला. तिथे माघात जमिनीचं काय होतं ते मात्र आम्हां दोघी शहाण्यांपैकी एकीनेही पाहिलं नाही. तिने गुडघ्यापर्यंत येणारा एक निळा कोट विकत घेतला आणि हिला परत आणायला कोणीतरी हवं म्हणून मी सोबत गेले.

टॅक्सीतून उतरलो तर चहूकडे पांढरं माळरान आणि विजेचा एक खांब. शैलाने बर्फ बाजूला केला, जमिनीला नमस्कार केला आणि पहार मारली. खण्ण आवाज होऊन पहार उलटी आली, तिच्या हाताला झिणझिण्या आल्या. दहा वेळा मारली तरी चिमूटभर माती निघेना. मुहूर्त चालला होता. मी म्हटलं, "पुरे आता, दोन फुलं वाहा आणि चल." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शेजारच्या शेतातली एक म्हातारी बाई ट्रॅक्टरवरून आमची गंमत बघत होती. डोरोथी तिचं नाव. ती घरी गेली आणि तेलाचं अर्धं कापलेलं पिंप, पेंढा आणि कोळसे घेऊन आली. पेंढ्यावर कोळसे पेटवून तिने पिंप उपडं घातलं. म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत जमीन मऊ होईल. आम्ही हे फक्त हिवाळ्यात कोणी गेलं तर करतो, खड्डा खणायला."

मी पिंपापासून दोन पावलं मागे सरकले. शैला म्हणाली, "म्हणजे माणसाला घेते ना ही जमीन? मग माझा नारळ नाही घेणार?"

"आणि मुहूर्त?" मी विचारलं.

"जमीन मऊ होईल तो माझा मुहूर्त."

दुसऱ्या दिवशी हातभर जागा काळी, ओली झाली होती, वाफ येत होती. नारळ फोडला तर पाण्याऐवजी बर्फाचा गोळा निघाला; डोरोथीने तोच प्रसाद म्हणून कडाकडा चावून खाल्ला. मग शैलाने पिशवीतून वीतभर लांबीचा लोखंडी खिळा काढला. सेम्बावांगच्या कंपनीच्या यार्डातून मागून आणलेला. तो तिने जमिनीत ठोकला, डोकं मातीला टेकेपर्यंत. "वीस वर्षांत पहिला," ती म्हणाली, आणि रडली. मी तिला रडताना तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर एजंटाला ती एकच उत्तर द्यायची : "गाव आलं नाही तर नाही आलं. मी जाऊन आलेय."

जमीन तिने माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या नावावर केली होती, हे ती गेल्यावर कळलं. मागच्या आठवड्यात एजंटाचा फोन आला. आता तरी शहाणपणाने वागा, म्हणाला. मी मुक्ताकडे बघितलं. ती मराठी ऐकते आणि उत्तर इथल्या इंग्रजीची भेसळ करून देते. "डोन्ट सेल लाह, आई. मावशीचा खिळा आहे तिथे."

त्याला मी काय सांगितलं ते इथे छापता येणार नाही. नाही म्हटलं, एवढं पुरे.

फ्लॅट रिकामा करायला गेले तेव्हा शैलाचा निळा कोट दाराच्या मुठीला अडकवलेला होता. बाहेर नेहमीसारखं तेहतीस अंश. खिशात डोरोथीच्या पेंढ्याची एक काडी सापडली. कोट घरी आणला आणि बैठकीच्या खोलीत, येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडेल अशा जागी, चांगला मोठा खिळा ठोकून टांगला. नवरा म्हणाला, "अगं, हुकाने झालं असतं की, भिंत फुटली."

फुटू दे. त्याच्याच शेजारी मी दुसरा खिळा मारला आणि तिच्या फ्रिजवरून उतरवून आणलेल्या तिच्या आईबाबांना तिथे लावलं.