सर्व्हरचं गाऱ्हाणं

सुलूमावशी मला शेवटची भेटली ती मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये, आणि त्या दुपारी आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर येऊन दटावून गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण मावशीवर लिहितेय म्हटल्यावर घरात सगळ्यांना वाटलं मी रडकं काहीतरी लिहिणार. रडले ना, भरपूर रडले. पण मावशी म्हटलं की मला आधी ती दुपार आठवते, आणि ती दुपार म्हणजे यार, नुसती धमाल होती. एका बंद पडलेल्या अँटिव्हायरसमुळे. सांगते.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. राहायला घाटकोपरला आणि दिवसभर मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या गाळ्यात. शेजारच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनतात, पलीकडे छापखाना, आणि मध्ये आम्ही तिघं... मावशी, मी आणि गोवंडीचा जावेद. लोकांच्या वेबसाइट ज्या लिनक्स सर्व्हरवर चालतात ते सांभाळणं हे आमचं काम. मावशीने लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर म्हणायची, मला झोपेतून उठवायला सर्व्हर आहेत की, अजून कशाला कोण हवंय. कॉलेज संपल्यावर मी तिच्याकडे कामाला लागले तेव्हा मला फक्त एक गोष्ट झकास यायची, ती म्हणजे टायपिंग. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझी कमांड मारून झालेली असायची. मावशीने पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, शिलाई मशीन.

आणि तिचा तो नियम. काही बंद पडलं की कीबोर्डला हात लावायचा नाही. ‘हात वर,’ म्हणायची, आणि आम्ही खरंच पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करायचो. मग लॉग उघडायचा, म्हणजे मशीन स्वतःच्या कामाची जी नोंद ठेवत असतं ती, आणि तिचं मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं. आमचं गाव मालवणकडचं. तिथे देवळात देवापुढे कोणीतरी गाऱ्हाणं घालतं आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, अगदी तसंच. मी लॉगची एकेक ओळ मालवणीत सांगायची आणि मावशी आणि जावेदने व्हय म्हाराजा म्हणायचं. पहिल्या दिवशी जावेदला वाटलं आपण वेड्यांच्या गाळ्यात नोकरी धरली. महिन्याभरात त्याचा व्हय म्हाराजा सगळ्यात मोठा झाला, बाटलीच्या झाकणांचं मशीन चालू असतानाही ऐकू जायचा.

मी एकदा वैतागून विचारलं होतं की एवढं नाटक कशाला, मला वाचता येतं ना. तर म्हणाली, ‘तुझी बोटं डोक्याच्या पुढे पळतात गं. तोंडाने सांगायला लागलीस की डोक्याला गाठायला वेळ मिळतो.’ मला तेव्हा ते काही पटलं नव्हतं, पण मावशीपुढे कोण बोलणार.

आमच्याकडे एक वेबसाइट होती जी मावशीची सगळ्यात लाडकी. अंध मुलांना परीक्षेला लेखनिक मिळवून देणारी. लेखनिकाने आपली कागदपत्रं तिथे अपलोड करायची, परीक्षा केंद्राने ती बघून मंजुरी द्यायची, आणि त्या मुलांना त्यांच्या वाचायच्या नोट्सही तिथूनच मिळायच्या. मागे एकदा कुठल्याशा सायबर कॅफेतून आलेल्या फाइलीतून व्हायरस शिरला आणि काही मुलांच्या कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरच बंद पडलं. आपल्याला स्क्रीनवर भलतंसलतं दिसलं तर आपण सावध होतो. त्यांचा कॉम्प्युटर गप्प झाला की त्यांना काही कळायचा मार्गच राहत नाही. मावशीला ते फार लागलं. तेव्हापासून तिने दारावर पहारेकरी बसवला, अँटिव्हायरस. येणारी प्रत्येक फाइल त्याने तपासायची, आणि पहारेकरी जागेवर नसेल तर दार बंद. एकही फाइल आत जाणार नाही.

तर ती दुपार. आई जेवायला घरी गेलेली, मावशीचा डोळा लागलेला, मी खुर्चीत. जावेदचा फोन आला, वाट लागली, पहारेकरी पडलाय आणि बोरिवलीची रोशनी फोनवर फोन करतेय. रोशनी म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिचा लेखनिक ऐन वेळी आजारी पडलेला, दुसरी मुलगी कशीबशी मिळालेली, पण तिची कागदपत्रं संध्याकाळच्या आत केंद्राकडे गेली नाहीत तर दुसऱ्या दिवशी रोशनीला पेपर देता येणार नव्हता. आणि वर्ष वाया. आमच्या दारातून फाइल आत जात नव्हती.

मी लॅपटॉप मावशीच्या जेवणाच्या ट्रेवर उघडला आणि सुरू झाले. अँटिव्हायरसची सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवर सतत चालत राहणारा त्याचा प्रोग्रॅम, रीस्टार्ट केली. उठली, थोडी चालली, परत पडली. परत रीस्टार्ट. परत पडली. मी नुसती मारत सुटले... शेवटी सिस्टीमच कंटाळली आणि म्हणाली, फार वेळा लागोपाठ उठवायला सांगितलंस, आता मी उठवणारच नाही. आणि मागून, डोळे मिटलेलेच ठेवून, मावशीचा आवाज आला, ‘शिलाई मशीन कुठे चालू झालंय?’

मी सगळं सांगितलं. जावेद स्पीकरवर होता. त्याचं म्हणणं, थोडा वेळ तपासणीच बंद करून टाकू ना, पोरीची फाइल जाऊ दे, मग लावू परत. मी म्हटलं बरोबर आहे, मावशी, करू या.

मावशीने डोळे उघडले. ‘ज्या पोरीला दिसत नाही तिच्याच घराचं दार सताड उघडं टाकून जायचं? हात वर. दोघांनी.’

‘केले, मावशी,’ जावेद तिकडून म्हणाला, आणि मला खात्री आहे त्याने मरोळमध्ये एकट्याने खरंच केले होते.

मग मी हॉस्पिटलमध्ये, दबक्या आवाजात, गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा सर्व्हरा, तुझो पहारेकरी उभो रवता...’ मावशी आणि जावेद हळूच म्हणाले, व्हय म्हाराजा. ‘व्हायरसांची यादी वाचूक घेता...’ आणि पडद्यापलीकडच्या खाटेवरून एक खणखणीत आवाज आला, ‘व्हय म्हाराजा!’ कणकवलीकडच्या एक आजी होत्या, पाय मोडून पडलेल्या. बस्स. मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला, मी तोंडात ओढणी कोंबली, सिस्टर आली, आजींनी साळसूदपणे डोळे मिटून घेतले.

सिस्टर गेल्यावर मावशीने विचारलं, ‘बरं, यादी वाचूक घेता. पुढे?’

मी बघितलं. ‘पुढे काहीच नाही. संपलं.’

‘एरर?’

‘नाही ना. यादी वाचतोय, एवढीच शेवटची ओळ. दर वेळी तीच.’

आणि मावशी उठून बसली. तिला स्वतःहून उठून बसलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ‘म्हणजे मध्येच गप्प झालाय. अगं, मग तो पडला नाही, त्याला पाडलंय. मेलेला माणूस आपल्याला कोणी मारलं ते लिहून ठेवतो का? शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचार.’

मी इतका वेळ अँटिव्हायरसचाच लॉग वाचत होते. आता खुद्द लिनक्सचा, म्हणजे ज्याच्या जिवावर सर्व्हरवरचं सगळं चालतं त्याचा, उघडला, आणि तिथे चक्क लिहिलेलं होतं, मेमरी संपली, सगळ्यात जास्त खाणाऱ्याला मारून टाकलं. मारलेल्याचं नाव, आमचा पहारेकरी. म्हणजे मी त्याला परत परत उठवत होते आणि लिनक्स त्याला परत परत मारत होतं. व्हायरसांची यादी रोज वाढत जाते, ती सगळी मेमरीत घ्यावी लागते, आणि परीक्षेच्या गर्दीने बाकीची मेमरी खाल्लेली. पण तरी एवढ्याने कोसळायला नको होतं. अडीअडचणीला डिस्कवरची थोडी जागा मेमरीसारखी वापरायला राखून ठेवतात ना, स्वॅप म्हणतात, ती असते. मावशी म्हणाली ती बघ. मी बघितली. शून्य.

मावशीने कपाळावर हात मारला. या वेबसाइटचा हा नवा सर्व्हर तिनेच लावला होता, अॅडमिट व्हायच्या सकाळी, घरून. रिक्षा खाली आली म्हणून अर्ध्यातून उठली आणि स्वॅप राहून गेली. ‘मीच गं. मीच गाढव,’ असं म्हणाली आणि चेहरा असा फुललेला, जसं काही बक्षीस लागलंय. मग माझा हात दाबून हळूच म्हणाली, ‘किती दिवसांनी मजा आली तनू.’

पुढचं सगळं तिने मला एकेक कमांड आधी मोठ्याने म्हणायला लावून करवून घेतलं. स्वॅपची फाइल बनवली, सर्व्हर बंद-चालू झाला तरी टिकेल अशी नोंदवली, सिस्टीमचा रुसवा काढला, आणि पहारेकऱ्याला एकदाच, फक्त एकदाच, उठवलं. यादी वाचायला लागला.

पडद्यापलीकडून आजी, ‘उठलो काय गो तो?’

उठला. टिकला. मावशीच्या उशाशी तिचा फोन वाजला, कारण सर्व्हर तिलाच सगळ्यात आधी कळवायचा, अँटिव्हायरस सुरू. थोड्या वेळाने जावेद ओरडला, गेली मावशी, रोशनीची फाइल गेली, आणि संध्याकाळच्या आत केंद्राची मंजुरीही आली. मी निघताना मावशी म्हणाली, उद्या लॅपटॉप आण, बाकीच्या सर्व्हरवर मी काय काय विसरलेय ते बघू.

तो उद्या काही आला नाही. रात्रीतून तिला आयसीयूत हलवलं, आणि आठवड्याच्या आत ती गेली. आईचा फोन आला तेव्हा मी गाळ्यात बाकीचे सर्व्हरच तपासत होते. काही विसरली नव्हतीस गं मावशी. तो एकच.

मावशीचा फोन आता गाळ्यात तिच्या टेबलावर असतो, चार्जरला लावलेला. सर्व्हरच्या निरोपातून तिचा नंबर काढायला हवा असं मी आणि जावेद दोघंही म्हणतो, आणि दोघंही काढत नाही. रोशनीने त्या फोनवर आवाजी मेसेज पाठवला होता, पेपर मस्त गेला म्हणून. तिला तेव्हा मावशीचं माहीत नव्हतं. मी तो गाळ्यात मोठ्याने लावला.

आणि परवा एक सर्व्हिस पडली. माझी बोटं कीबोर्डवर पोचलीसुद्धा होती... मग मी आपणहून दोन्ही हात वर केले. जावेदने बघितलं आणि त्यानेही केले. मी लॉग उघडला आणि सुरू केलं, बा देवा सर्व्हरा. घातलं पूर्ण गाऱ्हाणं, आणि दोष सापडला. सर्व्हिस उठली तेव्हा मावशीचा फोन टेबलावर थरथरला, सगळ्यात आधी तोच.

जावेद त्याच्याकडे बघून म्हणाला, ‘व्हय म्हाराजा.’