जीवाणूला कटिंग नसतं

गोडादऱ्याच्या कापड-कामगार वस्तीतल्या एका घरात साडी मागच्या बाजूनंच जास्त पाहिली जाई. कारखान्यातून आलेल्या साडीच्या पाठीवर एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत मोकळे धागे लोंबत. ते कापून टाकायचं काम, म्हणजे कटिंग, शोभाबाई करी, आणि लेक योगिता कात्री धरता येऊ लागल्यापासून तिच्या शेजारी बसे.

बारावीनंतर योगिताची डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा हुकली. बाप हेमराज कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. त्यानं पुन्हा बसायला परवानगी दिली, पण अटीवर. क्लासच्या सराव परीक्षेत वरची बॅच मिळाली तर वर्ष तिचं. नाहीतर इच्छापोरला जाऊन पॅकिंगचं काम करायचं.

पुस्तक इंग्रजी, क्लासच्या भाईदास सरांचं शिकवणं गुजराती आणि घर अहिराणी. तरी डीएनएचं प्रतिलेखन तिला चटकन कळलं. डीएनएवरून आरएनए उतरतो, त्यातले इंट्रॉन नावाचे बिनकामाचे तुकडे कापून फेकायचे, उरलेले जोडायचे. जोडणं सोडलं तर हे घरचंच काम होतं.

सराव परीक्षेत जीवाणूच्या एका जनुकाचा उतारा आला, त्यावर सलग प्रश्न. योगितानं आरएनए उतरवला आणि मधला तुकडा सफाईनं कापून टाकला. सगळे प्रश्न त्याच्याबरोबर गेले.

"बेन, जीवाणूत कटिंग असतं का?" सरांनी विचारलं. "तिथं आरएनए उतरला की तसाच कामाला लागतो."

"असेल असं वाटलं, सर."

"असं का वाटलं?"

 न कापायची साडी योगिताच्या घरी कधी आलीच नव्हती.

बॅच खालची मिळाली.

"कोठे चुकनी?" हेमराजनं विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

शोभाबाईची कात्री थांबली नाही. "बिनकटिंगनं काम आपलाकडे येतच नही. पोरले काय माहीत?"

"म्हंजे तूच शिकाडं तिले."

"आन् धागा सोडस कोन? तुमनाच लूम."

 कापडात दोष निघाला की कारखान्यात दोष कोणाचा हे कोणी विचारत नाही, विणणाऱ्याच्या पगारातून कापून घेतात. ही रीत हेमराजला चांगली ठाऊक होती आणि मुळीच आवडत नव्हती.

"लूम बिघडस आन् पगार मना कापतस," तो म्हणाला. "अभ्यासले बस वर्षभर. खालनी बॅच तर खालनी."

शोभाबाईनं योगिताच्या पुढ्यातला साड्यांचा गठ्ठा आपल्याकडे ओढून घेतला.