चाकं आपली, स्टार्टर न्हाई

कुठलाही भाग टेबलावर आला की ती आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायची. मग वाकून त्यावरची पट्टी वाचायची आणि विचारायची, "आपलं हाय का हे?"

नागपूरला विमानांचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं होतो. मी स्टोअरला, ती तपासणीला. मी हट्ट्याचा, ती साखऱ्याजवळच्या तांड्यावरची; एकाच जिल्ह्यातले, म्हणून मला भाऊ म्हणायची. तुम्हाला वाटेल, कारागीर आहेत, हत्यारं आहेत, मग काहीही दुरुस्त करावं. विमानाच्या बाबतीत तसं चालत नाही. ज्या भागांची मंजुरी मिळाली आहे, तेवढ्यांनाच हात लावायचा. आमच्याकडे काही ठरावीक चाकं आणि ब्रेक. भागाच्या क्रमांकातलं शेवटचं अक्षर वेगळं निघालं तरी ती तो परत पाठवायची.

"अहो, दिसायला एकसारखेच आहेत," एक गिऱ्हाईक चिडून म्हणालं.

"जुळी लेकरंबी एकसारखीच दिसतात साहेब. एकाला डोस पाजला म्हणून दुसऱ्याला लागू व्हतो का?"

तिच्या भावाच्या साखरपुड्याला मी तांड्यावर गेलो होतो. त्याच दिवशी सभेसाठी आलेलं एक हेलिकॉप्टर शेजारच्या रानात अडकून पडलं. सुरूच होईना. पुढारी मोटारीनं निघून गेले. तिचे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझी पोरगी इमानं नीट करती." त्यांनी तिला पंक्तीतून उठवलं आणि रानात नेलं. मागे अख्खा तांडा. तिला बघून पायलटचाही चेहरा उजळला.

काय बिघडलं ते तिनं विचारून घेतलं. इंजिन सुरू करणारा स्टार्टरच गेला होता. ती वाकून बघत होती, हात पाठीमागेच.

"सर, आमच्या शॉपला चाकं आन् ब्रेक मंजूर हायेत. हे न्हाई."

"हात तर लावून बघ की," वडील हळूच म्हणाले.

"न्हाई बा. आपलं न्हाई ते."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी पंक्चरवालीच म्हणा की!" हशा पिकला. वडील कुणाकडे न बघता घराकडे चालू लागले. तिचं तोंड एवढंसं झालं. तरी ती बांधावर बसली आणि त्या स्टार्टरची मंजुरी कुणाकडे आहे ते फोनवर विचारत राहिली. शेवटी हैदराबादचं एक वर्कशॉप सापडलं.

दुसऱ्या दिवशी तिथला इंजिनिअर नवा स्टार्टर घेऊन आला. काम झालं, पंखा फिरला. लांब उभे असलेले वडील जवळ आले.

"साहेब, इमानाची चाकंबी तुमीच करता का?"

"नहीं चाचा, चक्कों की मंजूरी हमको नहीं है. वो तो दीदी के यहाँ जाते."

वडील सावकाश गर्दीकडे वळले. "ऐकलं का रे?"

गेल्या वर्षी ती मोठ्या नोकरीवर बेंगळुरूला गेली. परवा हट्ट्याला जाताना मी वाट वाकडी करून तांड्यावर थांबलो. वडील अंगणात बाजेवर बसले होते.

"बेंगळूर इथून कोन्या अंगाला येतं?"

मी दक्षिणेकडे हात केला. ते उठले, बाज उचलून तिकडे तोंड करून ठेवली आणि पुन्हा बसले.