चुलतभावाच्या रानातून पाइप

न्हाणीघराच्या भिंतीला लोणा लागून पोपडे हाताला आले की मला जयसिंगपूरजवळचं, मीठ फुटून पांढरं पडलेलं ते रान आठवतं. नेदरलँडहून आलेल्या एका मृदाशास्त्रज्ञ बाईंची मी दुभाषी होते. जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकून खारं पाणी ओढ्यात सोडायचं होतं, पण ओढ्याकडे जायची वाट ते रान कसणाऱ्या शेतकऱ्याच्या चुलतभावाच्या रानातून जात होती आणि दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं. मिटवायला गेलेले सगळे हात हलवत परतले होते. चुलतभाऊ बांधावर आडवा उभा राहिला. “बाईंच्या गावात भाऊबंद भांडत न्हाईत व्हय? इचारा की.” मी विचारलं. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाई हसल्या. “खूप भांडतात. पण आमचं गाव समुद्राच्या पातळीखाली आहे. समुद्र अडवणारा बांध फुटला तर दोघंही बुडतील, म्हणून भांडण न मिटवताच बांध मिळून राखतात.” पान चघळता चघळता तो थांबला. “मग भांडान ऱ्हाऊ द्या तसंच,” तो म्हणाला, “पाइप न्या.” परवा तिकडे गेले होते. दोन्ही रानांत ऊस डोक्याच्या वर गेलाय. दोघं अजूनही बोलत नाहीत. पाइपाच्या तोंडाशी साचलेला गाळ मात्र मिळून, मुकाट्याने काढत होते.